व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्क: एकदा भर दुपारी, एकदा उजाडताना

नेवाडा राज्यातले व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्क मी दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळचे माझे मत एकमेकांच्या अगदी उलट झाले, म्हणून या परीक्षणात पहिल्या भेटीचाही हिशेब मांडणे मला भाग आहे. ती भेट जुलै महिन्यातली होती. लास व्हेगसहून निघणाऱ्या एका सहल कंपनीच्या लहान बसने आम्हाला दुपारी साडेबारा वाजता तिथे नेले आणि दहा-दहा मिनिटांचे पाच थांबे घेतले. ज्या पायवाटांची देखणी छायाचित्रे त्या कंपनीच्या जाहिरातीत होती, त्या उन्हाळ्यात बंद असतात ही गोष्ट आम्हाला वाटेच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवरून कळली. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली वाळू आणि समोर रंग उडाल्यासारखे दिसणारे सपाट लाल दगड, एवढेच त्या दिवशी पदरात पडले. परतताना मी मनाशी ठरवूनच टाकले की हे ठिकाण उगाच नावाजलेले आहे.

दुसऱ्यांदा जाण्याचा आग्रह पत्नीचा. या वेळी मार्चचा पहिला आठवडा निवडला, वार मुद्दाम मंगळवार धरला, आणि आई, पत्नी, दहा वर्षांची मुलगी व मी असे चौघे स्वतःच्या गाडीने पहाटे पाच वाजता लास व्हेगसहून निघालो. आईने सत्तरी ओलांडली आहे आणि तिचा एक गुडघा कुरकुरतो, त्यामुळे तिला कितपत चालता येईल ही धाकधूक होतीच. ती खरी ठरली नाही. कारण या उद्यानाची खुबीच अशी आहे की इथल्या नावाजलेल्या बहुतेक वाटा दोन-अडीच किलोमीटरच्या आतल्या आहेत आणि त्यांतली माझ्या मते सर्वांत मोलाची वाट जवळजवळ सपाट आहे.

लास व्हेगसपासून हे अंतर सुमारे ५० मैल, म्हणजे पाऊण ते एक तासाचे आहे. आंतरराज्य महामार्ग १५ ने ईशान्येकडे जाऊन ७५ क्रमांकाच्या फाट्यावर वळायचे. या फाट्यावर मोआपा पायूट जमातीच्या जमिनीवर एक मोठे दुकान व पेट्रोल पंप आहे. गाडीची टाकी आणि पाण्याचे कॅन तिथेच भरून घ्यावेत, कारण उद्यानात पेट्रोल नाही, उपाहारगृह नाही आणि बऱ्याच भागात मोबाइलला रेंजही मिळत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला बरा. फाट्यानंतरचा रस्ता आधी करड्या, रुक्ष टेकड्यांमधून जातो, आणि आपण चुकीच्या दिशेने तर आलो नाही ना अशी शंका येऊ लागते तोच एका उतारावर समोरची दरी लालभडक होऊन सामोरी येते.

प्रवेशशुल्क गाडीमागे आहे: नेवाडाची नंबरप्लेट असल्यास १० डॉलर, बाहेरच्या राज्याची असल्यास १५ डॉलर. आपल्याकडच्या अनेकांजवळ राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असतो आणि तो इथेही चालेल असे ते गृहीत धरतात. तो इथे चालत नाही, कारण हे उद्यान केंद्र सरकारचे नसून राज्याचे आहे. १९३५ साली रीतसर खुले झालेले हे नेवाडातले सर्वांत जुने स्टेट पार्क असून त्याचा विस्तार ४० हजार एकरांहून अधिक आहे. दिवसापुरते येणाऱ्यांसाठी ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच खुले असते. ही अट वरवर साधी दिसते, पण बेत आखताना तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. १९२० च्या दशकात एका मोटार संघटनेचा अधिकारी सूर्यास्ताच्या वेळी इथून जात होता आणि सगळी दरी पेटल्यासारखी दिसते असे त्याने म्हटल्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. मात्र ती पेटलेली दरी निवांत पाहायची, तर उद्यानातच तंबू ठोकून राहायला हवे. बाकीच्यांना ऐन रंगाच्या वेळी घड्याळाकडे पाहत गाडीकडे धावावे लागते. सकाळी तसे होत नाही. सूर्य वर येतो तसतशी ऊब वाढते, वाहनतळ रिकामे असतात आणि तिरपे ऊन निदान दोन तास आपल्या बाजूने असते.

या तिरप्या उन्हाचे महत्त्व कळायचे, तर दगड कसा बनला हे थोडे ठाऊक हवे. लाल भाग ॲझ्टेक वालुकाश्माचा आहे. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळात, इथे वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या. वाळू दबली, कणाला कण चिकटून खडक झाला आणि लोहाच्या ऑक्साइडने, म्हणजे एका अर्थी गंजाने, त्याला लाल रंग आला. पुढे खडकातून झिरपलेल्या पाण्याने काही ठिकाणचे लोह धुऊन नेले आणि तेथे पांढरा, फिकट गुलाबी, पिवळा, जांभळट असे पट्टे राहिले. वाऱ्याने ज्या दिशेने वाळू लोटली त्या दिशेचे तिरके थर आजही खडकात जसेच्या तसे दिसतात. मात्र पृष्ठभागावर हे थर बोटभर खोलीच्या रेषांच्या रूपातच दिसतात. ऊन डोक्यावर आले की त्यांची सावली नाहीशी होते आणि खडक मातीच्या ढिगासारखा दिसू लागतो. जुलैमध्ये मी पाहिला तो हाच मातीचा ढीग. मार्चमध्ये सकाळी साडेसहाला, मधमाश्यांच्या पोळ्यांसारख्या दिसणाऱ्या ‘बीहाइव्ह्ज’ नावाच्या खडकांपाशी थांबलो, तेव्हा प्रत्येक थराच्या कडेखाली काळी बारीक रेघ उमटली होती आणि खडक कुंभाराच्या चाकावरून नुकताच उतरल्यासारखा वाटत होता.

भोवतालचे करडे डोंगर चुनखडकाचे आहेत आणि त्यांची गंमत अशी की ते लाल खडकापेक्षा कितीतरी कोटी वर्षांनी जुने असूनही काही ठिकाणी त्याच्या वर बसलेले आहेत. भूकवचावर दाब येऊन जुना थर नव्यावर लोटला गेला, म्हणून हे घडले. सह्याद्रीत थराखालचा थर जुना हा हिशेब डोळ्यांना सवयीचा असतो, तो इथे मोडतो. मुलीला हे समजावताना वह्यांच्या गठ्ठ्याचे उदाहरण द्यावे लागले आणि दिवसभर ती प्रत्येक डोंगराकडे बोट दाखवून ‘बाबा, हा वरचा की खालचा?’ असे विचारत राहिली.

आम्ही अभ्यागत केंद्र उघडण्याची वाट न पाहता थेट उत्तरेकडच्या निसर्गरम्य रस्त्याने ‘फायर वेव्ह’ या लाटेसारख्या पट्टेदार खडकाकडे गेलो. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनीही हाच क्रम ठेवावा, कारण दहा वाजल्यानंतर या भागात गाडी लावायला जागा मिळणे कठीण होते. हा साडेपाच मैलांचा रस्ताच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. खडकांच्या मधून तो कधी खाली बुडी मारतो, कधी वळणावर अचानक वर येतो. पत्नीने गाडी थांबवायला इतक्या वेळा सांगितले की शेवटी मी वळणे मोजणे सोडून दिले. एक सूचना मात्र गंभीरपणे करावीशी वाटते: रस्त्याच्या मधोमध उभे राहून छायाचित्र काढण्याची इथे साथ आहे, आणि चढाच्या पलीकडून येणाऱ्या चालकाला तुम्ही शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

फायर वेव्हची वाट जाऊन-येऊन दीड मैलाची आहे. सुरुवातीला वाळू, मग उघडा कातळ आणि शेवटी उतार. लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांची जी लाट छायाचित्रांत अवाढव्य भासते ती प्रत्यक्षात बरीच लहान आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पोहोचल्यावर ‘एवढीच?’ असे म्हणणारे आम्हाला दोघे-तिघे भेटले. माझे स्वतःचे मत असे की लाटेचे छायाचित्र काढून लगेच परतणाऱ्याला निम्मी वाटही दिसत नाही. लाटेच्या अलीकडच्या कातळावर बसून पाहिले तर एकेक पट्टा कुठे जाड होतो, कुठे सुतासारखा बारीक होऊन दुसऱ्यात मिसळतो, हे दिसू लागते. आई इथवर आली. उतारावर तिने माझा हात धरला होता, वर येताना मात्र काठीच्या आधाराने ती माझ्या पुढे होती. वाटेवर सावली अजिबात नाही. सकाळी आठ वाजता, तेही मार्चमध्ये, परतीच्या चढावर आम्ही स्वेटर काढून कमरेला बांधले होते. यावरून या आणि इतर बऱ्याच वाटा मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बंद का ठेवतात याची कल्पना यावी. उन्हाळ्यात इथला पारा ३८ अंश सेल्सिअसच्या सहज वर जातो आणि कधीकधी ४९ च्या आसपास पोहोचतो. उघड्या कातळावर तो उष्मा खालूनही लागतो. ज्यांना या बंदीचा राग येतो त्यांनी जुलैतल्या त्या दुपारी माझ्यासोबत पाच मिनिटे उभे राहायला हवे होते.

रस्त्याच्या टोकाशी व्हाइट डोम्स आहे. साधारण सव्वा मैलाची ही वाट वर्तुळाकार आहे, म्हणून तीच दृश्ये पुन्हा पाहावी लागत नाहीत आणि मुलांसाठी ती सर्वांत उत्तम आहे. दोन फिकट घुमटांच्या मधून दगड आणि वाळूच्या ओबडधोबड पायऱ्यांनी खाली उतरायचे, तळाशी १९६० च्या दशकातल्या एका चित्रपटासाठी उभारलेल्या हवेलीची उरलेली भिंत पाहायची आणि मग एका अरुंद घळीत शिरायचे. घळ फार लांब नाही. पण दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी दोन्ही भिंतींना बोटे टेकतात, वर आकाशाची एक निळी चिंधी दिसते आणि हवा एकदम गार होते. मुलगी इथून तीन वेळा इकडून तिकडे गेली. आईला मात्र सुरुवातीच्या पायऱ्या जड गेल्या असत्या, म्हणून ती आणि पत्नी वरच सावलीत बसल्या. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी ही वाट सोडावी किंवा निदान उलट दिशेने थोडे चालून परत यावे. पावसाची चिन्हे असतील तर घळीत कोणीच शिरू नये. वर्षभरात इथे जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस पडतो, पण पडला की उघड्या कातळावरून तो जिरण्याऐवजी वाहत येतो आणि ते सगळे पाणी अशाच घळींत उतरते.

साडेदहाच्या सुमारास आम्ही माउसेस टँकच्या वाटेवर आलो. माझ्यापुरते बोलायचे तर उद्यानाचा गाभा हाच. वाट जाऊन-येऊन पाऊण मैलाची, जवळपास सपाट आहे. फक्त वाळू मऊ असल्याने पाऊल रुतते आणि चाल मंदावते. ते एका अर्थी बरेच आहे, कारण इथे पाहायचे ते पायाखाली नसून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आहे. वाळवंटात खडकावर शतकानुशतके मँगनीज आणि लोहाचा एक पातळ, काळपट थर चढतो. इंग्रजीत त्याला ‘डेझर्ट व्हार्निश’ म्हणतात. दगडाने टोचे मारून तो थर उडवला की खालचा फिकट खडक उघडा पडतो. इथली चित्रे अशी टोचून काढलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या काही शतकांपासून सन ११५० च्या सुमारापर्यंत ‘बास्केटमेकर’ (टोपल्या विणणारे) म्हणून ओळखले जाणारे प्राचीन मूलनिवासी लोक आणि त्यांच्यानंतर जवळच्या मोआपा खोऱ्यातले शेतकरी शिकारीसाठी, कंदमुळे गोळा करण्यासाठी आणि धार्मिक विधींसाठी इथे येत. पाण्याच्या दुर्भिक्षामुळे त्यांना फार दिवस राहता येत नसे. जे राहिले ते भिंतींवर आहे: वळलेल्या शिंगांचे मेंढे, हात धरून उभी माणसांची रांग, सूर्यासारखी वर्तुळे, गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी.

कोकणातली कातळशिल्पे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना एक फरक लगेच जाणवेल. तिथे चित्र सड्यावर आडवे पसरलेले असते आणि आपण त्याच्या कडेने फिरतो. इथे ते उभ्या भिंतीवर, पुष्कळदा माणसाच्या हाताला न पोहोचणाऱ्या उंचीवर आहे, त्यामुळे मान वर करून, ऊन कुठून येते ते बघत शोधावे लागते. पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला दोनच चित्रे दिसली. मग आई थांबली. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढण्यात तिची हयात गेली आहे. सूर्य, चंद्र, शंख, पावले, कासव अशी लहान-लहान चिन्हे एकमेकांना न टेकता कशी मांडायची हे तिच्या बोटांना ठाऊक आहे. तिने एका काळ्या फळीसारख्या खडकाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, ‘अरे, हे नुसते इकडेतिकडे नाही काढलेले, जागा सोडून काढलेय.’ त्यानंतर आम्हाला चित्रे दिसायचीच थांबेनात. जिथे मी एक मेंढा पाहत होतो तिथे पाच होते, शिवाय त्यांच्या खाली फिकट झालेली आणखी एक रांग. चित्रांचा अर्थ कोणालाही खात्रीने लावता आलेला नाही आणि तिनेही तो लावण्याचा प्रयत्न केला नाही. एका वेटोळ्याच्या फेऱ्या आतून बाहेर मोजून तिने मुलीला सांगितल्या, इतकेच.

याच भिंतींवर, चित्रांपासून हातभर अंतरावर, अलीकडच्या काळातल्या कोणाकोणाची नावे आणि बदाम कोरलेले आहेत. भाषा बदलते, खोड तीच राहते. चित्रांना हात लावणेही टाळावे, कारण त्वचेवरचे तेल खडकाला लागून चित्र हळूहळू खराब होते. मुलांना हे वाट सुरू होण्याआधीच सांगावे.

वाटेच्या शेवटी ज्याच्यावरून तिला नाव मिळाले ते कुंड आहे. १८९० च्या दशकात ‘माउस’ या नावाने ओळखला जाणारा एक दक्षिण पायूट माणूस कायद्यापासून पळून या खडकांत लपला होता आणि पावसाचे पाणी महिनोन्महिने धरून ठेवणाऱ्या या खोलगट कातळावर तो जगला, अशी हकीकत आहे. कुंड पाहायला शेवटी थोडे दगडांवर चढावे लागते. आम्ही गेलो तेव्हा तळाशी हिरवट पाण्याचे एक डबके होते. देखणे म्हणता येणार नाही, पण त्या डबक्याकडे पाहताना दिवसभर पाठीवर वाहून आणलेल्या बाटलीचे वजन नेमके कशासाठी आहे हे कळते.

प्राण्यांच्या बाबतीत आमचे नशीब बरे होते. अभ्यागत केंद्राजवळच्या उतारावर वाळवंटी बिगहॉर्न मेंढ्यांचा एक कळप चरत होता. हा नेवाडाचा राज्यप्राणी आहे. भिंतीवर जो प्राणी दोन तास पाहिला तोच रस्त्याच्या कडेला चघळत उभा दिसला, तेव्हा मुलीने कागदावर काढलेली आपली नक्कल काचेला लावून ताडून पाहिली आणि शिंगे चुकली म्हणून खोडून पुन्हा काढली. त्याहून लक्षात राहिली ती मात्र एक चिमुकली वाळवंटी खार. ती आपली पांढरी शेपटी पाठीवर उलटी धरून पळत होती. शेपटीची सावली स्वतःच्याच पाठीवर पडावी म्हणून ती तसे करते. सबंध उद्यानात आम्हाला दिसलेली ती एकमेव छत्री. तिला खाऊ घालणाऱ्यांची कमी नाही, आणि तसे करू नये.

जेवणासाठी ‘सेव्हन सिस्टर्स’ नावाच्या सात लाल सुळक्यांच्या पायथ्याशी बाके आणि थोडी सावली आहे. डबा तिथेच उघडावा. अभ्यागत केंद्रातले भूगर्भशास्त्राचे प्रदर्शन माफक पण नीटनेटके आहे आणि थंड जागेत दहा मिनिटे बसायला मिळते हा त्याचा आणखी एक गुण. अश्मीभूत झाडांचे ओंडके मात्र मला निराश करून गेले. सुमारे २२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीची ही झाडे आता दगड होऊन जाळीच्या कुंपणात पडली आहेत, आणि कुंपणाचे कारण उघड आहे: लोक तुकडे खिशात घालून नेतात. पाच मिनिटे पुरतात.

दुपारी दोनला, ऊन कडक झाल्यावर, अटलाटल रॉक पाहिला. एका उंच कड्याला लोखंडी जिना लावलेला आहे आणि वर पोहोचल्यावर चित्रांचा फलक अगदी नाकासमोर येतो. त्यात एक आकृती अटलाटलची आहे. अटलाटल म्हणजे टोकाला खाच असलेली लाकडी दांडी. तिच्यात भाल्याचे बूड अडकवून भाला फेकला की हाताची लांबी वाढल्यासारखी होते आणि भाला अधिक जोराने जातो. धनुष्यबाण येण्यापूर्वीचे हे शस्त्र, त्यामुळे नुसत्या आकारावरूनही त्या चित्राच्या जुनेपणाचा अंदाज येतो. आई जिना चढली नाही. खालून मान वर करून तिने विचारले, ‘काय दिसतेय?’ आणि मुलीने वरून एकेक चित्र ओरडून सांगितले. जिन्याच्या पायऱ्या जाळीदार असल्याने खालचे दिसते. उंचीची भीती असणाऱ्यांनी कठडा धरून, नजर वर ठेवून चढावे. माउसेस टँकची वाट आणि अटलाटल रॉक यांपैकी एकच शक्य असेल तर मी वाटेची शिफारस करेन, पण पायाने अधू असलेल्यांसाठी जिन्याखालूनही काही चित्रे ओळखता येतात, आणि गाडी अगदी जवळपर्यंत जाते.

मुक्कामाबद्दल थोडक्यात. उद्यानात दोन तळ मिळून ७२ जागा आहेत. अटलाटल रॉकच्या तळावर अंघोळीची सोय आहे. आम्ही राहिलो नाही, पण ज्यांना सूर्यास्त आणि तारे दोन्ही हवेत त्यांच्यासाठी दुसरा मार्ग नाही. वसंतात आणि शिशिरात शनिवार-रविवारी जागा मिळवायची तर खूप आधी पाहावे लागेल. पूर्वीच्या प्रवाशांसाठी बांधलेल्या दगडी खोल्याही पाहण्यासारख्या आहेत. महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी १९३३ साली स्थापन झालेल्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कॉर्प्सने त्या इथल्याच लाल दगडात बांधल्या. त्या इतक्या बेमालूम बसल्या आहेत की चौकट दिसेपर्यंत तो खडकच वाटतो.

परतीला पश्चिमेच्या फाटकाने न जाता आम्ही पूर्वेच्या बाजूने बाहेर पडलो आणि हा निर्णय चांगला ठरला. त्या फाटकाजवळच एलिफंट रॉक आहे: सोंड जमिनीला टेकवलेला हत्ती, तोही इतका स्पष्ट की कल्पनाशक्तीला काही कामच उरत नाही. वाट अर्ध्या मैलाहून कमी. त्याच्यावर चढण्यास मनाई आहे, हे पाटी वाचूनही दोन तरुणांना सांगावे लागले. पूर्वेच्या फाटकातून पुढे ओव्हर्टन गाव लागते. तिथे जेवण आणि पेट्रोल मिळते, शिवाय ‘लॉस्ट सिटी’ हे १९३५ साली उभारलेले छोटे संग्रहालय आहे. हूव्हर धरणामुळे लेक मीड तयार होऊन ज्या प्राचीन वस्त्या बुडणार होत्या त्यांच्या उत्खननातल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत. भिंतीवरची चित्रे काढणाऱ्या लोकांची मडकी आणि टोपल्या पाहायच्या असतील तर तासभर हाताशी ठेवावा. आम्ही पोहोचेपर्यंत ते बंद होण्याची वेळ झाली होती. चूक आमचीच.

फाटकाच्या अलीकडे, याच पूर्वेच्या भागात, रस्त्यालगत क्लार्क मेमोरियल नावाचे एक साधे स्मारक आहे. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. लॉस एंजेलिस आणि सॉल्ट लेक सिटी यांना जोडणारा ‘अॅरोहेड ट्रेल’ हा जुना मोटाररस्ता याच दरीतून जात असे. त्या वाटेने घोडागाडीतून निघालेला क्लार्क नावाचा एक निवृत्त सैनिक १९१५ च्या उन्हाळ्यात इथे पाण्यावाचून मेला. आई गाडीतून उतरली नाही, पण तिने काच खाली करून पाटी माझ्याकडून वाचून घेतली. मग मागे वळून मुलीला विचारले की आपल्याकडे पाणी किती उरलेय. बारा लिटर घेऊन निघालो होतो, साडेतीन उरले होते.